कावळ्यापुढं दिलेला शब्द

मी पाच वर्षं आमदार होतो. त्या काळात कायदे किती केले, असं कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागेल. मयती किती केल्या असं विचारलं तर मात्र मान वर ठेवून सांगता येईल, की त्या पाच वर्षांत आमच्या तालुक्यात जो कुणी गेला, त्याची राख माझ्या हजेरीशिवाय पाण्यात पडली नाही.

आमदाराचं काम काय असतं याविषयी लोकांच्या मनात बरेच गैरसमज आहेत. माझ्याही होते. निवडून आलो तेव्हा वाटलं होतं, आता फायली वाचाव्या लागतील. महिनाभरात कळलं, सकाळी मयत, दुपारी लग्न आणि संध्याकाळी नारळ. तिन्हीला पांढरेच कपडे चालतात, तेवढी सोय होती.

मला तिकीट मिळालं ते कर्तृत्वामुळं नव्हे. माझं खत-बियाण्यांचं दुकान होतं. पक्षातल्या दोन थोर माणसांचं एकमेकांशी इतकं वाकडं होतं की दोघांनाही ज्याची भीती वाटणार नाही असा माणूस शोधायला सुरुवात झाली, आणि तो शोध माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन थांबला. ‘ह्यो गप असतोय,’ एकानं माझ्याविषयी सांगितलं. दुसऱ्यानं मान डोलावली. झाली माझी उमेदवारी.

विधानसभेत मी शेवटून दुसऱ्या ओळीत बसायचो. एकदा जनावरांच्या दवाखान्याविषयी बोलायला उठलो, वाक्य निम्म्यात असताना घंटा वाजली आणि मी खाली बसलो. ते अर्धं वाक्य कामकाजाच्या नोंदीत कायमचं आहे. बायकोला कौतुकानं सांगितलं तर ती म्हणाली, ‘घरीबी तुमचं कवा पुरं झालंय?’

आमचा भाग सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. कोरेगाव मागं पडलं की हिरवं संपत जातं आणि मेंढरं वाढत जातात. सांगलीची हद्द इतकी जवळ, की माणसं दाखला काढायला साताऱ्याला जातात आणि पाय मोडला की सांगलीला. त्या हद्दीजवळ ओढ्यापलीकडं मेंढपाळांची एक वस्ती आहे. चाळीसेक घरं असतील. तिथला एक म्हातारा दर बाजाराच्या दिवशी माझ्या ऑफिसात यायचा आणि एकच मागायचा, ओढ्यावर साकव. म्हणजे छोटा पूल, दोन्ही काठ जोडणारा, बैलगाडी जाईल एवढा.

आमच्याकडचा ओढा वर्षातले दहा-बारा दिवस वाहतो. बाकीचे दिवस तो रस्ताच असतो. पण त्या दहा-बारा दिवसांत वर कुठंतरी ढग फुटतात आणि पाणी अंगावर आल्यासारखं येतं. त्या दिवसांत वस्तीचं दूध डेअरीला जात नाही, आजारी माणूस गावात येत नाही. इंजिनिअर यायचे ते उन्हाळ्यात. कोरड्या वाळूत उभं राहून विचारायचे, ‘पाणी कुठं आहे?’ म्हातारा म्हणायचा, ‘पानी येतंय तवा तुमी येत न्हाई, तर दावू कसं?’

मी त्याला दर वेळी ‘बघू’ म्हणायचो. आमदाराच्या ‘बघू’चा अर्थ त्याला माहीत होता. तरी तो पुढच्या बाजाराला यायचाच. चहा घ्यायचा, बशी स्वतः धुऊन ठेवायचा आणि जायचा. मग एक दिवस तो आला नाही, आणि पीएनं सांगितलं, ‘साहेब, साकववाले आण्णा गेले. परवा रक्षाविसर्जन.’

आमच्याकडं रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी असतं आणि त्याला पुढाऱ्यांची भाषणं असतात. पुढाऱ्यांसाठी चार प्लास्टिकच्या खुर्च्या, बाकी भावकी वाळूत. गाडीतून उतरायच्या आधी पीए मला चिठ्ठी द्यायचा. तिच्यावर नाव, वय आणि मयताचे दोन गुण. गुण सापडले नाहीत तर तो ‘स्पष्टवक्ता’ असं लिहायचा. तालुक्यात इतके स्पष्टवक्ते माझ्या काळात मेले की मागं उरलेले सगळे गुळमुळीत असावेत. म्हाताऱ्याच्या चिठ्ठीवर मात्र पीएनं एकच शब्द लिहिला होता, ‘साकव’. तो मी भाषणात घेतला नाही. ‘आधारवड कोसळला’ म्हणालो आणि बसलो.

मग कावळ्याची वाट बघणं सुरू झालं. बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. मेलेल्याच्या आवडीचा निवद पानावर मांडतात. कावळा येऊन शिवला की आत्मा समाधानानं गेला असं धरतात आणि सगळे उठतात. नाही शिवला तर मयताच्या मनात काहीतरी राहिलंय. मग घरचे एकेक पुढं होतात, हात जोडून शब्द देतात. बरोबर शब्द लागला की कावळा उतरतो. त्या पानापुढं दिलेला शब्द आमच्याकडं कोर्टातल्या शपथेपेक्षा मोठा. कोर्टात खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले. तिथं खोटं बोलणारा पाहिला नव्हता.

कावळा बाभळीवर होता. खाली बघायला तयार नव्हता. म्हाताऱ्याला मूल नव्हतं, पुतणे पुढं झाले. एक म्हणाला, ‘मेंढरं इकणार न्हाई, आण्णा.’ दुसरा म्हणाला, ‘चुलतीला सांभाळतो.’ कावळ्यानं पंख खाजवले. ऊन चढलं. मला साडेबाराच्या मुहूर्ताला एका लग्नात अक्षता टाकायच्या होत्या आणि पीए खुर्चीमागून घड्याळ दाखवत होता. तेवढ्यात बायकांतून म्हाताऱ्याच्या बायकोचा आवाज आला. ती रडत नव्हती.

‘त्यांचं मन साकवात हाय,’ ती म्हणाली.

सगळी वाळू माझ्याकडं वळली. मी उठलो. दहीभाताच्या पानापुढं हात जोडून म्हणालो, ‘आण्णा, साकव मी करतो. याच टर्मला.’

कावळा उतरला. माझं वाक्य अजून हवेत होतं. कुठल्याही मंत्र्याकडून मला इतक्या लवकर मंजुरी मिळालेली नाही.

गाडीत पीए म्हणाला, ‘साहेब, कावळा आपल्याच पक्षाचा दिसतोय.’ मी हसलो. तेव्हा मला लाज वाटली नाही, हे लिहून ठेवायला हवं. मला आनंद झाला होता. कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला, आणि लोक माझ्याकडं थोडं वेगळं बघायला लागले. बघून मलाही बरं वाटायला लागलं.

काम मी खरंच हातात घेतलं. माझ्याच आमदार फंडातून साकव मंजूर केला. पत्राची प्रत स्वतः वस्तीवर नेऊन म्हाताऱ्याच्या बायकोच्या हातात दिली. मी तिला मावशी म्हणायचो. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद कपाळाला लावला आणि पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवला.

आणि मग पावसाळ्यात आम्ही महाबळेश्वरला गेलो.

पंचायत समितीच्या सभापतीची निवड होती. अशा निवडीआधी आपल्याकडच्या सदस्यांना ‘सहलीला’ नेतात, म्हणजे दुसऱ्या पक्षानं फोडू नयेत म्हणून हॉटेलात कोंडतात. महाबळेश्वरला त्या दिवसांत पर्यटक नसतात, खोल्या स्वस्त असतात आणि धुक्यामुळं पळून गेलेला माणूस परत हॉटेलातच येतो. गाद्यांना कुबट वास, खिडकीबाहेर पांढरं, आणि आत प्रौढ माणसं दिवसभर पत्ते खेळतायत. मी त्यांच्यावर देखरेख करत होतो. राज्यघटनेत आमदाराला हेही काम दिलेलं असेल.

तिसऱ्या दिवशी एक सदस्य बॅग भरून खाली आला. त्याच्या एका मतावर आमचा सभापती होता, आणि हे त्याला माहीत होतं.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘काय न्हाई. हितं पाऊस लय हाय. मन लागंना.’

‘दोन दिवसांचा प्रश्न आहे.’

‘काढतो की. पर मोकळ्या हातानं गावात कसा जाऊ? माज्या रानाकडं जायला एक साकव द्या.’

‘तुमच्या रानाकडं ओढा कुठाय?’

‘ओढा नसंना का. चर हाय की.’

‘नवा साकव आता बसत नाही. फंड संपलाय.’

‘मग बसलेला हलवा. त्या मेंढरावाल्यांचा हाय बगा. तितं मतं किती, आन् मी तर हितं तुमच्याम्होरं हुबा हाय.’

मी म्हणालो, तो शब्द मी पानापुढं दिलाय. तो म्हणाला, ‘व्हय, बगितलाय की व्हिडिओ. पर आमदार, त्या कावळ्याला मत हाय का?’

आमदार फंडातलं काम आमदाराच्या पत्रावर उभं राहतं आणि पत्रावरच आडवं होतं. लेटरहेडचा गठ्ठा नेहमी गाडीत असायचा, स्टेपनीच्या वर. मी पीएला आणायला सांगितलं. तो भिजत जाऊन घेऊन आला आणि माझ्याकडं न बघता समोर ठेवला. ‘सदर काम स्थानिक अडचणीमुळे रद्द करून त्याऐवजी’ असं मी स्वतःच्या हातानं लिहिलं. अडचण एवढीच होती की मेलेला माणूस सहलीला आलेला नव्हता.

आमचा सभापती झाला. गुलाल उधळला. चार महिन्यांत तो सभापती पलीकडच्या पक्षात गेला आणि माझ्याविरुद्ध फार चांगलं भाषण करायला लागला.

मावशी ऑफिसात आली तेव्हा मी तिला म्हणालो, ‘निधी अडकलाय, मावशी. मुंबईत.’

पत्र हलवणं हे पाप असेल, पण त्याला निदान कारण होतं. हे वाक्य मी नुसतं सोयीसाठी बोललो. तिनं ते घरी नेलं. मला नंतर कळलं, वस्तीवर कुणी माझ्याविषयी वाकडं बोललं की ती म्हणायची, ‘आमदाराचा दोष न्हाई. मुंबईनं धरून ठेवलंय.’

पुढच्या निवडणुकीत मी पडलो. घासून वगैरे नाही, चांगला आपटलो. गावोगावच्या यंत्रांतून माझ्याविरुद्ध मतं निघत होती आणि मी मतमोजणीच्या हॉलमध्ये चेहरा शांत ठेवून बसलो होतो. मग त्या वस्तीचं यंत्र उघडलं. तिथं जवळजवळ सगळी मतं मला. प्रतिनिधी म्हणून बसलेल्या माझ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी लघवीला जायचं निमित्त करून बाहेर गेलो आणि बराच वेळ आत आलो नाही.

आमदार पडला की घरात पहिल्यांदा दारातल्या चपला कमी होतात. नंतर फोन. शेवटी पीए. माझा पीए जाताना रडला आणि नव्या आमदाराकडं रुजू झाला. दुकानात बसायला लागलो. युरियाची गोणी उचलून दिली की गिऱ्हाईक म्हणायचं, ‘राहू द्या साहेब,’ आणि गोणी मात्र धरायचं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना मावशी दुधाची किटली डोक्यावर घेऊन पाण्यात उतरली. एकच म्हैस, त्या दुधावर तिचं चालायचं. दगडावरून पाय सरकला आणि मांडीचं हाड मोडलं. पाणी उतरेपर्यंत ती अलीकडच्या काठाला झुडपाला धरून पडून होती. पुतण्यांनी घोंगड्याच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणली आणि सांगलीला नेली.

मी सांगलीला बघायला गेलो. पायाला वजन लावलेलं होतं. मला बघून तिनं पदर सावरला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, ‘हे आमचे आमदार. साकव हेनीच मंजूर केलाय. मुंबईत अडकलाय.’

‘माजी,’ मी म्हणालो. त्या वॉर्डात माझ्या तोंडून निघालेला तो एकच खरा शब्द.

परतीच्या वाटेवर मला पक्षातून फोन आला. पुढच्या वेळी तुमचाच विचार आहे, तयारी ठेवा. दोन थोर माणसांचं अजून वाकडंच होतं.

दोन दिवसांनी मी नव्या आमदाराच्या ऑफिसात गेलो. आम्ही कॉलेजात एका बाकावर बसलेले. बाहेर अर्जदारांच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर तासभर होतो. माझ्याच जुन्या पीएनं मला चिठ्ठीवर नाव लिहायला लावलं.

‘ये की रं,’ तो म्हणाला. ‘पडल्यापास्नं अंगानं भरलायस.’

‘साकवासाठी आलोय.’

‘कुठला? कावळ्याचा?’

‘व्हय.’

‘त्यो तर तू केलास गड्या. मी बगून आलोय. चरावर हुबा हाय. त्या सदस्याची म्हसरं त्याच्या सावलीला बसत्यात. जनावरांसाठी एवढं काम कुणी केलं न्हाई.’

‘परत मंजूर कर. म्हातारीनं पाय मोडून घेतलाय.’

त्यानं चहा सांगितला. मग म्हणाला, ‘करतो. पर वस्तीला वाटतंय त्यो साकव तुजाच, मुंबईत अडकलेला. मी बांधला तर म्हणतील, आमच्या जुन्या आमदाराचा सुटला एकदाचा. नारळ मी फोडायचा आन् पुण्य तुला?’

‘मग काय करू?’

‘भूमिपूजनाला ये. नारळाच्या आधी माइकवर सांग, त्यो कुणी हलवला आन् कशापायी.’

‘पुढच्या वेळी माझ्या नावाचा विचार चाललाय.’

‘म्हायत हाय. म्हणून तर म्हणतोय.’

तो सरळ माणूस आहे. त्याच्या जागी मी असतो तर हेच मागितलं असतं, पण इतकं स्पष्ट बोललो नसतो. मी मावशीचा पुढचा पावसाळा आणि माझी पुढची निवडणूक अशा दोन गोष्टी समोर ठेवून चहा प्यायलो. माझ्यासारख्या माणसाला तेवढ्यावरही विचार करावा लागला, हे आजही माझ्या जिवाला लागतं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ‘तिकीट मिळालं तरी पडालच,’ ती म्हणाली. ‘साकव तरी हुईल.’

भूमिपूजन कोरड्या ओढ्यातच होतं. मंडप, हार, कुदळीला रिबीन. मावशी काठी घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. तिला वाटत होतं मी पाहुणा म्हणून आलोय आणि ती आजूबाजूच्यांना तसं सांगत होती. मला माइक दिला. मी सांगितलं. महाबळेश्वर, सदस्य, चर, पत्र. मुंबईत काही अडकलं नव्हतं, हेही सांगितलं. माझी भाषणं नेहमी लांबायची. हे दोन मिनिटांत संपलं.

मग मागून एकजण म्हणाला, ‘आन् आमी मुंबईला शिव्या देत हुतो.’ थोडं हसू फुटलं. तिघाचौघांचे मोबाईल माझ्याकडं रोखलेले होते. नव्या आमदारानं नारळ फोडला आणि टाळ्या झाल्या.

मी मावशीपाशी गेलो, पायाला हात लावायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले, त्यातला एक अजून नीट वाकत नव्हता.

‘मी तीन पावसाळं वस्तीभर भांडले,’ ती म्हणाली. ‘जावंशी बोलणं सोडलं. ती म्हणायची, आमदार खोटा हाय. मी तिला म्हणले, तुज्या जिबंला हाड न्हाई.’

‘चुकलं, मावशी.’

‘चुकलं न्हाई. चुकतंय ते वाटंला. तुमी बसून लिवलंय.’

मी सरळ उभा राहिलो आणि गाडीकडं निघालो.

संध्याकाळी पक्षातून फोन आला. ‘काय गरज होती?’ एवढंच विचारलं आणि ठेवला. त्यानंतर तिथून फोन आलेला नाही. दोन थोर माणसांनी दुसरा गप माणूस शोधला. तो माझ्याहून गप आहे, त्याचं बरं चाललंय.

साकव पावसाळ्याच्या आधी पुरा झाला. श्रावणात एका सकाळी, ओढा भरून वाहतोय असं ऐकलं म्हणून मी गाडी घेऊन अलीकडच्या काठाला गेलो. खाली गढूळ पाणी काट्याकुट्यांसकट चाललं होतं. मावशी काठी टेकत साकवावरून आली. तिच्यामागं तिच्याच वयाची एक बाई होती आणि किटली त्या बाईच्या डोक्यावर होती. माझ्यापाशी आल्यावर मावशी थांबली. मी हात जोडले.

‘ही जाऊ,’ ती म्हणाली. ‘बोलतो आमी आता.’

मग दोघी डेअरीकडं गेल्या. जावेनं एकदा मागं वळून माझ्याकडं बघून घेतलं. मावशी वळली नाही.